सार्सेनची गाडी

पुस्तकं मंगळवारी आली. चाळीस प्रती, खोक्यात भरून, सुतळीने आवळून बांधलेल्या. हिरवं जाड वेष्टन, त्यावर सोनेरी अक्षरं आणि घोड्यावर बसून भाला रोखलेला कुणी एक दाढीवाला. झापारने खोकं स्वयंपाकघरातल्या टेबलावर आदळलं, एक प्रत काढून बायकोच्या हातात दिली आणि कौतुकाची वाट बघत तो बाजूला उभा राहिला. उल्मेकेनने पहिलं पान उघडलं. ‘वीर सार्सेन आणि त्याचा वंशविस्तार.’ खाली झापारचा रंगीत फोटो, टाय लावलेला.

तिने पुस्तक हाताभर लांब धरलं.

“कसं झालंय?”

“हातात भाला कशाला दिला त्याच्या? फावडं द्यायचं होतं.”

“झालं! लागली कटकट करायला.” झापारने पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं आणि कोपराने पुसलं, जणू तिच्या बोटांनी ते विटाळलं होतं.

रशियनांपासून देश स्वतंत्र होऊन सहा वर्षं झाली होती आणि अख्ख्या माळावर ही साथच पसरली होती. जो उठला तो पूर्वज शोधत सुटला. ज्यांच्या घरात काल प्यायला धड दूध नव्हतं त्यांच्या पूर्वजांनी म्हणे दहा-दहा हजार घोडी पाळली होती. आणि ही सगळी वीरमंडळी पुरवणारा माणूस कोण, तर बेइसेन. कालपरवापर्यंत हाच बेइसेन तालुक्याच्या क्लबात उभा राहून ‘देव नाही, आणि कुळंबिळं म्हणजे निव्वळ मागासलेपणा’ अशी व्याख्यानं झोडायचा. सरकार बदललं, तसा हा वंशावळी लिहायला बसला. ज्याला जसा हवा तसा आजोबा. मोबदला एक गाभण घोडी. लाज म्हणून काही असते हे या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं.

झापारच्या सार्सेनोव या आडनावावरून बेइसेनने सार्सेन काढला. त्यात त्याला अक्कल लागली नाही. रशियनांच्या राज्यात सगळ्यांनाच आडनावं घ्यावी लागली होती आणि बहुतेकांनी बापाचं नाहीतर आजोबाचं नाव धरून त्याला मागे शेपूट जोडलं होतं. सार्सेनोव म्हटलं की ऐकणारा समजायचा, यांच्या घरात कुणी सार्सेन होऊन गेला. तसा कुणीही होऊन गेला नव्हता, हे फक्त तिघांना ठाऊक होतं: म्हाताऱ्या मोल्दाशला, त्याच्या मुलाला, म्हणजे झापारला, आणि उल्मेकेनला.

तिला सासऱ्यानेच सांगितलं होतं. बारा वर्षांपूर्वी सासू गेली त्या हिवाळ्यात म्हाताऱ्याने छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलं. उल्मेकेन त्याच्या पाठीला मेंढीची चरबी चोळत बसायची. एके दुपारी तो भिंतीकडे तोंड करून बोलायला लागला. मोठ्या दुष्काळाचं साल. सरकारने जनावरं उचलून नेली, माणसं रस्त्याला लागली आणि रस्त्यातच पडली. पाच वर्षांचा मोल्दाशही पडला. मेलेल्यांना गोळा करत रोज एक गाडी फिरायची, तीत त्यालाही टाकलं. गाडीवानाने बघितलं, ढिगाऱ्यातला एक पाय हलतोय. त्याने पोराला ओढून काढलं आणि अनाथाश्रमाच्या दारात नेऊन उभं केलं. कारकुनाने विचारलं, नाव? मोल्दाश. बापाचं नाव? पोरगं बोलेना. कारकून वैतागला. आणणाऱ्याचं नाव काय, असं विचारलं, आणि गाडीवानाचंच नाव लावून मोकळा झाला. त्या गाडीवानाचं नाव सार्सेन. एवढीच या आडनावाची कुळकथा.

आणि त्या माणसाला आता दाढी चिकटवून घोड्यावर बसवलं होतं.

हे नुसतं किळसवाणं होतं तोवर उल्मेकेनने दात-ओठ खाऊन सोसलं असतं. पण झापारने पुढे जे केलं त्याला तोड नाही. त्यांची मुलगी मेरुएर्त आणि दाउरेन नावाचा मुलगा, दोघेही जनावरांचे डॉक्टर, एकाच दवाखान्यात कामाला होते. दोघांचं जमलं होतं. मुलगा चांगला, आणि घर तर असं की नाव ठेवायला जागा नाही. त्याचे आजोबा कोनिसबाय म्हणजे पंचक्रोशीतले मानाचे म्हातारे, भांडणतंटा झाला की लोक त्यांच्याकडे न्याय मागायला जायचे. रविवारी ही मंडळी मागणी घालायला, मुलीच्या कानात कुडी घालायला येणार होती. तर या शहाण्याने बढाई मारायला पुस्तकाची पहिली प्रत बुधवारीच कोनिसबायांच्या घरी धाडली.

गुरुवारी फोन वाजला. कोनिसबाय कमी ऐकायचे, म्हणून ओरडून बोलायचे. शेगडीपाशी उभ्या असलेल्या उल्मेकेनला शब्दन् शब्द ऐकू आला.

“अरे लेकरा, आधी का नाही सांगितलंस? माझ्या आजोबांचा सख्खा भाऊ भांडून सीमेपलीकडे गेला तो गेलाच! आजोबा मरेस्तोवर दाराकडे डोळे लावून होते. त्याचाच तुम्ही वंश! पाचव्या पिढीत आपण एक होतोय रे!” म्हातारा रडत होता. “रविवारी आम्ही येतोच. पण आता व्याही म्हणून नाही, भाऊ म्हणून. पोरांचं तेवढं... देवाने वेळेवर डोळे उघडले म्हणायचं. सात पिढ्यांच्या आत सोयरीक केली असती तर केवढं पाप लागलं असतं!”

बेइसेनने काय केलं होतं ते आता उघड झालं. तालुक्यातलं सगळ्यांत खानदानी घराणं निवडलं, त्यात एक भाऊ हरवलेला सापडला, आणि त्या भोकात आपलं गिऱ्हाईक कोंबून दिलं. आणि गिऱ्हाईकाने आपल्या फोटोपलीकडे एक पानही वाचलं नव्हतं.

झापारने फोन ठेवला. आधी त्याचा चेहरा पांढरा पडला. मग, आणि हे उल्मेकेन त्याला कधीच माफ करू शकली नाही, तो हळूहळू खुलला.

“कोनिसबाय मला लेकरा म्हणाले,” तो म्हणाला.

“अहो, लग्न मोडलं मुलीचं! आत्ताच्या आत्ता फोन लावा. सांगा, पुस्तक खोटं आहे म्हणून.”

“वेड लागलंय का तुला? छापलंय ते!”

“छापलंय म्हणून पोरीच्या गळ्यावर सुरी फिरवणार?”

“तिला काय, छप्पन्न मुलं मिळतील,” झापार म्हणाला. “असं घराणं मला पुन्हा मिळेल का? दुकानात बसतो तिथे लोक पाठीमागे काय म्हणतात माहितेय? अनाथाश्रमातल्याचा पोर. ना मूळ, ना कूळ. पन्नास वर्षं ऐकतोय मी.”

क्षणभर तिला त्याची दयाही आली. पण तो आरशासमोर गेला आणि टायची गाठ ठीक करायला लागला, तेव्हा ती दया जिथल्या तिथे आटली.

मेरुएर्तला तिने सगळं खरं सांगितलं. मेरुएर्तने दाउरेनला सांगितलं, दाउरेनने आजोबांना. आजोबा हसले म्हणे. “लग्न व्हावं म्हणून पोरं वाटेल ते बोलतात. असं काही असेल तर बाप बोलेल, आजा बोलेल.” बाप बोलणार नव्हता. आजाला बापाने गप्प बसवलं होतं. “बाबा, तुम्ही तोंड उघडलंत तर मी या गावात राहणार नाही,” असं झापारने बापाला बजावलं, आणि सत्तर वर्षांचा मोल्दाश मान खाली घालून ‘बरं’ म्हणाला होता. उल्मेकेनला त्या ‘बरं’चीसुद्धा शिसारी आली. मेरुएर्त दोन दिवस जेवली नाही. कामावर जाई, गाई तपासून परत येई आणि कोट न काढता पलंगावर भिंतीकडे बघत बसे.

रविवारी दुपारी मंडळी आली. कोनिसबायांनी दारातच मोल्दाशला मिठी मारली, “भावा, भावा” म्हणत त्याच्या मानेत तोंड खुपसून रडले. मोल्दाश लाकडासारखा ताठ उभा. बेइसेनही आला होता, हो, तोही आला होता, खिशाला तीन पेनं लावून, मानाच्या जागी पसरून बसला. झापार इकडून तिकडे नाचत होता, प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक देत होता. त्यात गंमत म्हणजे लोक ते आधी उलटं धरत आणि मग सुलटं करत. उकडलेलं मांस आलं, मेंढीचं डोकं कोनिसबायांपुढे ठेवलं. त्यांनी कान कापून पोरांना दिला. बेइसेन बोटं चाटत सार्सेनने कुठल्या लढाईत किती शत्रू लोळवले ते सांगू लागला. दाउरेन दाराशी बसला होता, त्याने घास उचलला नव्हता.

उल्मेकेन स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. चौदा मारले. मग अठरा मारले. एका हातात चंद्रकोरीसारखी तलवार. बस, तिचं डोकं सणकलं. तिने मेंढीच्या शेपटीची उकडलेली चरबी कापली, काळीज कापलं, ताटलीत मांडून वर दही ओतलं आणि ती ताटली घेऊन बाहेर आली. हे ताट फक्त सोयरीक ठरताना बाहेर येतं. दोन्हीकडचे व्याही एकमेकांना भरवतात, उरलेलं तोंडाला फासतात, आणि एकदा ते पोटात गेलं की कुणी शब्द फिरवत नाही.

“हे कुणी आणायला सांगितलं?” झापार दात आवळून म्हणाला. “आत ने.”

“मी आणलं.” तिने ताटली सतरंजीवर, कोनिसबायांसमोर ठेवली. ती तिथेच बसली. “अक्साकल, तुम्ही वडीलधारे. सुनेने तुमच्यासमोर बोलू नये. पण मी बोलणार.”

“बोल, सूनबाई.”

“सार्सेन प्रेतं वाहायचा.”

कुणाच्या तरी हातातला चमचा पडला. तिने काय म्हटलं ते नंतर कळलं लोकांना, आधी ऐकू आलं ते नाव. त्या माळावर सून सासरच्या कुठल्याही वडीलधाऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही; जिवंत असो वा सात पिढ्यांपूर्वी मेलेला असो, काहीतरी आडवळणाचं नाव ठेवून भागवते. खरं कळल्यावरही उल्मेकेनची जीभ बारा वर्षांत एकदाही या नावाकडे वळली नव्हती.

“सार्सेन,” ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने, “सार्सेन आमचा कुणी नाही. असता तर मी त्याचं नाव असं घेतलं असतं का? तुम्हीच सांगा. आहे का कुठली सून अशी निर्लज्ज? तो दुष्काळात मेलेल्यांची गाडी हाकायचा. त्यातून त्याने या म्हाताऱ्याला काढलं. हे जे खोगिरावर बसवलंय ना, ते सगळं या माणसाच्या पोटातून निघालंय,” तिने बेइसेनकडे बोट दाखवलं, “आणि तेही घोडी घेऊन.”

“कागदोपत्री पुरावे...” बेइसेन पुटपुटला. तोंडात घास होता.

“तिला ताप आहे,” झापार म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. “दोन दिवस तापाने फणफणतेय. अक्साकल, मनावर घेऊ नका. आपलं रक्त एकच आहे.”

“अहो, पोरीकडे बघा एकदा तरी!”

त्याने बघितलं नाही.

कोनिसबायांनी कानामागे हात धरला आणि ते मोल्दाशकडे वळले. “तू सांग, भावा.”

मोल्दाशने मुलाकडे पाहिलं. मग ताटलीकडे. चरबी थिजायला लागली होती.

“पाय हलला म्हणून त्याला दिसलो,” तो म्हणाला. “शिवी दिली मला. म्हणाला, अजून एक तोंड. मग कोटाच्या आत घेतलं. अनाथाश्रमात दोनदा भेटायला आला. खिशात पेंडीचा तुकडा आणायचा. गुरांची पेंड. मी खाईपर्यंत समोर बसायचा, नाहीतर मोठी पोरं हिसकावून न्यायची. तिसऱ्यांदा नाही आला. त्याच्याच गाडीतून त्याला दुसऱ्याने नेलं.” मग तो म्हणाला, “माझ्या बापाचं नाव मला माहीत नाही. मी खोटं बसलो इथे. मला माफ करा.”

कोनिसबाय पुढे सरकले, अगदी मोल्दाशच्या गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत.

“कुठल्या रस्त्यावर पडला होतास?”

“खाऱ्या तळ्याकडून येणारा. विहिरीपाशी.”

“आम्ही त्याच रस्त्याने गेलो,” कोनिसबाय म्हणाले. “मी चौदा वर्षांचा होतो. दोन बहिणी आणि पाच वर्षांचा भाऊ, तिघांना त्या विहिरीपाशी ठेवलं आम्ही. त्यांना उचलून आईला चालवेना. तिघांना पाठ रस्त्याकडे करून बसवलं, म्हणजे आम्ही जाताना दिसायला नको. आमच्या घरात जी वंशावळ आहे ना, चामड्यात बांधलेली, तीत तिघांची नावं नाहीत. मीच लिहिली ती वंशावळ. मीच नाही घातली.” त्यांनी मोल्दाशचे दोन्ही हात धरले. “आई तुला काय म्हणायची? खरं नाव सांग. कारकुनाने लावलेलं नको.”

आता उल्मेकेनच्या ध्यानात आलं की म्हातारा काय विचारतोय. पोरगा पाच वर्षांचा, तीच विहीर. हा जर खरंच त्यांचा भाऊ निघाला तर सगळं संपलं. मग खोटी वंशावळ नको की बेइसेन नको, लग्न कायमचं मोडलं. मेरुएर्त दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आणि कोनिसबायांच्या चेहऱ्यावर लग्नाचा विचारही नव्हता. ते फक्त आशेने बघत होते.

“मोल्दाशच,” म्हातारा म्हणाला. “तेवढं माझं स्वतःचं आहे. आई मोल्दाश म्हणायची.”

“नीट आठव. एस्पोल नाही? आमच्या धाकट्याचं नाव. कधी एस्पोल नाही म्हणाली?”

“नाही.”

“लाडाने?”

“नाही, अक्साकल. मोल्दाश.”

कोनिसबायांचे हात गळून पडले. ते ओक्साबोक्शी रडले, ऐंशीच्या घरातला माणूस, घरभर पाहुण्यांसमोर, पोरासारखा. कुणी त्यांना आवरलं नाही. दाउरेन उठून त्यांच्या पाठीशी जाऊन बसला, तरी त्यांना कळलं नाही. मग त्यांनी बाहीने नाक पुसलं, ताटलीतला चरबीचा तुकडा आणि काळजाचा तुकडा एकत्र धरला आणि मोल्दाशच्या तोंडात घातला.

“खा, व्याही,” ते म्हणाले. “तुझ्या सात पिढ्या तुला माहीत नाहीत. मला माझ्या माहीत आहेत, आणि तरी माझीच भावंडं त्या विहिरीपाशी ठेवून मी आलो. मी कुणाला काय विचारणार?”

दही मोल्दाशच्या हनुवटीवरून ओघळलं. त्यानेही चाचपडत एक तुकडा उचलून कोनिसबायांना भरवला. मग बायकांचा गलका उठला, कुणी कुडी आणली, कुणी मेरुएर्तला पुढे ढकललं. झापारच्या गालाला कुणीतरी चरबी फासली. तो हसला.

मंडळी उन्हं उतरायच्या आत निघाली. बेइसेन जाताना दारात झापारशी काही कुजबुजला. उल्मेकेन कढई घासत होती, तेव्हा झापार आत आला. आता हा ओरडेल असं तिला वाटलं. निदान माफी तरी मागेल, असंही एकदा वाटलं. त्याने घसा खाकरला.

“एकंदरीत बरंच झालं म्हणायचं. म्हातारा खूश होऊन गेला.”

ती कढई घासत राहिली.

“फक्त एक. लग्नात माणसं येतील, विचारतील. तेव्हा गाडी-गाडी करत बसू नकोस. बेइसेन म्हणतो, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करता येईल. सार्सेन हा त्या काळी जिल्ह्याच्या वाहतूक खात्याचा प्रमुख होता, असं.”

उल्मेकेनने वळून बघितलं. त्याच्या गालावर अजून चरबी चकाकत होती, ती त्याने पुसली नव्हती. “अहो, प्रेतं वाहायचा तो. तुमच्या बापाला प्रेतांतून काढलं त्याने.”

“तेच ते. वाहतूकच की.”

तिने हातातली घासणी खाली ठेवली, बाहेर अंगणात गेली आणि भिंतीला धरून ओकली. मेजवानीतलं सगळं बाहेर पडलं. परत आली ते सरळ सासऱ्याच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि झापारने हाक मारली तरी उघडलं नाही.

लग्नाची नोंदणी करायला गेले तेव्हा कचेरीतल्या बाईने मेरुएर्तला विचारलं, नवऱ्याचं आडनाव लावणार ना? नाही, ती म्हणाली, सार्सेनोवाच राहू द्या. कोनिसबायांनी काठी आपटून ‘शाब्बास’ म्हटलं. झापारच्या तर आनंदाला पारावार राहिला नाही. जिन्यावरून उतरता उतरता तो भेटेल त्याला सांगत सुटला, “शेवटी वीराचं नाव आहे, पोरगी सोडेल कशी?” मोल्दाश त्याच्या पुढे दोन पायऱ्यांवर चालला होता, त्याला सगळं ऐकू येत होतं. उल्मेकेनने म्हाताऱ्याचा हात धरला, नवऱ्याकडे वळली आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या चकचकीत बुटांवर थुंकली.